स्वमग्न व्यक्तींच्या संप्रेषणातील पुनरुच्चार : स्वरूप, कार्य आणि साहाय्य

सारांश

दुसऱ्याने उच्चारलेले शब्द वा वाक्ये जशीच्या तशी पुन्हा उच्चारणे हे अनेक स्वमग्न मुलांच्या व प्रौढांच्या बोलण्याचे ठळक वैशिष्ट्य आहे. दीर्घकाळ हा पुनरुच्चार निरर्थक व म्हणून थांबवण्याजोगा मानला गेला. गेल्या चार दशकांहून अधिक काळातील अभ्यासाने मात्र त्यामागे हेतू, क्रम आणि संवादाची धडपड असल्याचे दाखवून दिले आहे. प्रस्तुत लेखात पुनरुच्चाराच्या संकल्पनेचा इतिहास, त्याची कार्ये, मराठीच्या व्याकरणामुळे त्याला प्राप्त होणारे विशेष रूप, साहाय्याची तत्त्वे आणि महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका यांचा परामर्श घेतला आहे.

कळीचे शब्द : स्वमग्नता, पुनरुच्चार, संप्रेषण, भाषासंपादन, सर्वसमावेशक शिक्षण

प्रस्तावना

मराठी समाजाला पुनरुक्तीचे वावडे नाही. पाढे, श्लोक, आरत्या, नामजप, सुभाषिते यांच्या पाठांतरावरच आपल्या पिढ्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. अर्थ न कळता पाठ केलेले पुढे आयुष्यात केव्हातरी उमगते, यावर आपला विश्वास असतो. परंतु एखादे स्वमग्न मूल दूरचित्रवाणीवरील जाहिरातीचे वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हणते, किंवा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्नच परत करते, तेव्हा तोच समाज अस्वस्थ होतो. ‘पोपटपंची’ हा शब्द अशा वेळी सहज तोंडी येतो आणि ‘गप्प बस’ ही आज्ञा त्यामागोमाग येते.

ज्या मुलाजवळ स्वतः रचलेली वाक्ये जवळजवळ नाहीत, त्याला उसनी वाक्येही वापरू दिली नाहीत, तर त्याच्याजवळ उरते काय, हा या लेखामागील मूळ प्रश्न आहे. तो केवळ वाचाउपचारतज्ज्ञांचा नाही. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, भाषाविज्ञान व समाजकार्य या विषयांच्या अध्यापकांचा तो आहेच. त्याशिवाय, ज्यांच्या वर्गात आज स्वमग्न विद्यार्थी प्रवेश घेत आहेत, अशा प्रत्येक महाविद्यालयीन शिक्षकाचाही आहे.

संज्ञेचा विचार

पुनरुच्चारासाठी वैद्यकात ‘इकोलालिया’ ही संज्ञा रूढ आहे. ग्रीक भाषेतील ‘इको’ म्हणजे प्रतिध्वनी आणि ‘लालिया’ म्हणजे बोलणे यांपासून ती तयार झाली. ग्रीक पुराणातील इको ही अप्सरा शापामुळे दुसऱ्याच्या बोलण्याचा शेवटचा भागच तेवढा उच्चारू शकते. रोमन कवी ओव्हिड याने सांगितलेल्या तिच्या कथेत एक सूक्ष्म गोष्ट आहे. शब्द दुसऱ्याचे असले तरी त्यांतून ती आपलाच मनोभाव व्यक्त करते. संज्ञेच्या मुळाशी असलेला हा अर्थ तिच्या वैद्यकीय वापरात बराच काळ हरवला होता.

पुनरुच्चाराचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. ऐकल्यानंतर लगेच किंवा थोड्या क्षणांत केलेला तो ‘तात्काळ पुनरुच्चार’ होय. काही तास, दिवस, महिने, प्रसंगी वर्षांनंतर केलेला तो ‘विलंबित पुनरुच्चार’ होय. मूळ वाक्यात एखादा शब्द बदलून, गाळून वा जोडून केलेल्या उच्चारास ‘परिवर्तित पुनरुच्चार’ म्हणता येईल. हा तिसरा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे, कारण केलेला लहानसा बदलही बोलणाऱ्याने वाक्याचे घटक ओळखल्याचे सुचवतो.

येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. पहिला असा की, पुनरुच्चार ही केवळ स्वमग्नतेची खूण नव्हे. बोलू लागलेली सर्वच मुले काही काळ मोठ्यांचे शब्द परत उच्चारतात. जन्मांध मुलांत आणि मेंदूच्या आघातानंतर वाचादोष निर्माण झालेल्या प्रौढांतही तो आढळतो. तेव्हा केवळ पुनरुच्चारावरून कोणी स्वमग्नतेचा निष्कर्ष काढू नये. दुसरा खुलासा ‘स्वमग्नता’ या शब्दाविषयी आहे. मराठीत तो रूढ झाला असल्याने येथेही वापरला आहे. तथापि ‘स्वतःतच मग्न’ हा त्याचा शब्दार्थ पुढील विवेचनाच्या प्रकाशात तपासून पाहण्याजोगा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा तो आरंभबिंदू मानला जातो. या मुलांपैकी जी बोलत होती, त्यांच्या बोलण्यातील पुनरुच्चार आणि सर्वनामांची उलटापालट कॅनर यांनी तेव्हाच नोंदवली. त्यांच्या पहिल्या बालरुग्णाला वडिलांनी ‘होय’ म्हणायला शिकवताना, होय म्हटल्यास खांद्यावर घेईन, असे सांगितले होते. परिणामी त्या मुलाच्या लेखी ‘होय’ या शब्दाचा अर्थच ‘मला खांद्यावर घ्या’ असा झाला.

कॅनर यांनी १९४६ मध्ये याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यातील एक उदाहरण फार बोलके आहे. एक पाच वर्षांचा मुलगा, जवळ कुत्रा नसताना व सज्जाही नसताना, कुत्र्याला सज्जावरून फेकू नकोस अशा आशयाचे वाक्य म्हणत असे. शोध घेता कळले की, काही वर्षांपूर्वी एका हॉटेलाच्या सज्जातून तो खेळण्यातला कुत्रा वारंवार खाली टाकत होता आणि तो उचलून आणून थकलेल्या आईने त्याला तसे बजावले होते. तेव्हापासून कोणतीही वस्तू फेकण्याचा मोह झाला की तो स्वतःला त्या वाक्याने आवर घालत असे. त्या प्रसंगाची माहिती नसलेल्याला हे बोलणे असंबद्ध वाटणार. माहिती असलेल्याला त्यात आत्मसंयमाचा प्रयत्न दिसतो. मुलाचे वाक्य दोन्ही वेळा तेच असते, आणि अर्थ लागणे न लागणे ऐकणाऱ्याच्या माहितीवर ठरते.

हा धागा पुढील काळात मागे पडला. सर्वनामांच्या उलटापालटीचा अर्थ मनोविश्लेषणाच्या अंगाने लावला गेला. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथात, मूल ‘मी’ म्हणणे टाळते यात स्वत्वाचा नकार पाहिला आणि स्वमग्नतेचा दोष मुख्यतः आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, भावनिक थंडपणावर ठेवला. या मतामुळे असंख्य मातांना अपराधीपणाचे ओझे वाहावे लागले. १९७४ मध्ये लॉरेन्स बार्टाक व मायकेल रटर यांनी या गृहीताची प्रायोगिक तपासणी केली. मुलांना वाक्ये पुन्हा म्हणायला सांगितली असता ‘मी’ हा शब्द मुद्दाम टाळला जात नाही, तर तो उच्चारला जाणे न जाणे वाक्यातील त्याच्या स्थानाशी निगडित असते, असे दिसून आले. ‘तू’ या शब्दाचा स्वतःसाठी होणारा वापर हा बराचसा पुनरुच्चाराचा परिणाम ठरला. आईला दोषी ठरवणारा सिद्धांत एका भाषिक वैशिष्ट्याच्या चुकीच्या वाचनावर उभा होता. पुनरुच्चार कसा समजून घ्यावा हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, याचे हे उदाहरण पुरेसे आहे.

दुसरीकडे, वर्तनवादी उपचारपद्धतीत पुनरुच्चाराकडे मुख्यतः ‘कमी करावयाचे वर्तन’ म्हणून पाहिले गेले. निदान-पुस्तिकांतील त्याचे स्थानही लक्षणीय आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा उल्लेख बोलण्याच्या वैशिष्ट्यांत होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो ‘मर्यादित व पुनरावृत्त वर्तना’च्या गटात, वस्तू ओळीने लावणे किंवा हात फडफडवणे यांच्या शेजारी जाऊन बसला. निदानाच्या सोयीसाठी ही रचना उपयुक्त असेल. परंतु जे वर्तनाच्या यादीत जाते ते संप्रेषणाच्या यादीतून सहज निसटते, याचे भान शिक्षकाने ठेवले पाहिजे.

पुनरुच्चाराची कार्ये

या दृष्टिकोनाला निर्णायक वळण देणारा अभ्यास बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुकन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी चार स्वमग्न मुलांच्या दैनंदिन व्यवहारांचे चित्रीकरण केले आणि १,००९ तात्काळ पुनरुच्चारांचे विश्लेषण केले. शब्दांबरोबर मुलाची नजर, हावभाव, आवाजाची पट्टी आणि त्यानंतरची कृती या सर्वांचा त्यांनी विचार केला. त्यातून पुनरुच्चाराची सात कार्ये पुढे आली. ती पुढे दिली असून मराठी उदाहरणे विषय स्पष्ट व्हावा म्हणून प्रस्तुत लेखकाने योजली आहेत.

१. संभाषणातील पाळी राखणे : “आज शाळेत काय केलं?” या प्रश्नावर मूल आपल्याकडे पाहून “काय केलं?” म्हणते. उत्तर सुचत नाही, पण आता बोलण्याची पाळी आपली आहे हे त्याला कळलेले असते.

२. निर्देश करणे : “हा बघ चेंडू” असे म्हटल्यावर मूल चेंडूकडे बोट दाखवून “बघ चेंडू” म्हणते.

३. होकार देणे : “तुला केळं हवं?” या प्रश्नावर “केळं हवं” असे म्हणून ते हात पुढे करते. येथे पुनरुच्चार हेच ‘हो’ आहे.

४. मागणी करणे : “चपला घाल, बाहेर जायचं” हे ऐकून “बाहेर जायचं, बाहेर जायचं” म्हणत मूल हात धरून दाराकडे ओढते.

५. उजळणी करणे : “लाल डबा आण” हे वाक्य हळू आवाजात दोनतीनदा म्हणून मग मूल डबा आणते. आकलनासाठी लागणारा वेळ ते या मार्गाने मिळवते.

६. स्वनियमन : “हळू चढ” असे स्वतःशी म्हणत मूल जिना चढते.

७. लक्ष्यहीन उच्चार : गोंगाटात, भीतीत वा थकव्यात, कोणाकडेही न पाहता, कृतीशी संबंध नसलेला उच्चार. यात संदेश नसला तरी मुलाच्या मनःस्थितीची सूचना असते.

प्रिझंट यांनी पॅट्रिक रायडेल यांच्यासमवेत १९८४ मध्ये विलंबित पुनरुच्चाराचाही असाच अभ्यास करून त्याची १४ कार्ये वर्णिली. माहिती देणे, विरोध करणे, लक्ष वेधणे, दुसऱ्याला सूचना करणे इत्यादी कार्ये त्यांत येतात. विलंबित पुनरुच्चारात अडचण अशी की, वाक्याचा शब्दार्थ आणि अभिप्रेत अर्थ यांत मोठे अंतर असू शकते. मुंबईच्या लोकल गाडीतील ‘पुढील स्टेशन दादर’ ही घोषणा ऐकलेले एखादे मूल, लग्नसमारंभाच्या गर्दीत तेच वाक्य म्हणू लागले, तर त्याला दादरला जायचे असेलच असे नाही. ‘येथून आता निघू या’ हा अर्थ त्या घोषणेला त्याच्यापुरता चिकटलेला असू शकतो. वाक्य ज्या प्रसंगी प्रथम कानावर पडले, त्या प्रसंगाची भावना त्या वाक्याबरोबर साठवली जाते, हे येथील सूत्र आहे.

पुढील संशोधनाने संभाषण-विश्लेषणाची पद्धत वापरून हा विचार अधिक सूक्ष्म केला. लॉरा स्टर्पोनी व जेनिफर शँकी यांनी २०१४ मध्ये एका स्वमग्न मुलाच्या घरातील संवादांचा अभ्यास करून दाखवले की, तेच शब्द उच्चारतानाही आवाजाची लय व चढउतार बदलून तो मुलगा वेगवेगळ्या भूमिका घेत होता. अर्थात लिखित नोंदीत समान दिसणारे दोन पुनरुच्चार प्रत्यक्षात समान असतीलच असे नाही.

सार्वजनिकरीत्या ज्ञात असलेले एक उदाहरण येथे नमूद करणे उचित ठरेल. अमेरिकन पत्रकार रॉन सस्काइंड यांनी आपला मुलगा ओवेन याच्याविषयी २०१४ मध्ये पुस्तक लिहिले आणि २०१६ मध्ये त्यावर माहितीपटही आला. वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बोलणे गमावलेला ओवेन डिस्नेच्या चित्रपटांतील संवाद पुटपुटत असे. त्या उच्चारांत कुटुंबाला अर्थ दिसला, तेव्हा हा केवळ प्रतिध्वनी आहे असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. पुढे एके दिवशी वडिलांनी ‘अलादीन’ चित्रपटातील पोपटाची हातबाहुली घेऊन, त्या पोपटाच्याच आवाजात मुलाला त्याची ख्यालीखुशाली विचारली. तेव्हा आपल्याला मित्र नाहीत, हे दुःख मुलाने प्रथमच बोलून दाखवले. ज्याला आपण पोपटपंची म्हणतो, त्याच पोपटाच्या आधाराने बापलेकांचा संवाद सुरू झाला. मात्र त्यासाठी वडिलांना आधी मुलाच्या भाषेत शिरावे लागले.

मराठीच्या संदर्भात पुनरुच्चार

पुनरुच्चारावरील बहुतांश संशोधन इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर झाले आहे. मराठीची रचना भिन्न असल्याने काही बाबींचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

पहिली बाब क्रियापदाची. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि ते पुरुष, वचन व अनेकदा लिंगही दर्शवते. “तू जेवलास का?” या प्रश्नाचा पुनरुच्चार “जेवलास” असा झाला, तर त्यात सर्वनाम नसूनही द्वितीय पुरुष उरतोच. ‘जेवलास’पासून ‘मी जेवलो’पर्यंत जाण्यासाठी सर्वनाम व क्रियापद दोन्ही बदलावे लागतात. याउलट “तुला भूक लागली का?” या प्रकारच्या वाक्यात क्रियापद कर्त्याच्या पुरुषानुसार बदलत नाही. ‘तुला भूक लागली’ येथून ‘मला भूक लागली’ येथे येण्यास एकच शब्द बदलणे पुरते. भूक, तहान, झोप, भीती, कंटाळा, आवड, गरज अशा मूलभूत अनुभवांची मराठी वाक्ये बहुधा याच घडणीची असतात. म्हणून नमुना-वाक्ये देण्याचा आरंभ ‘मला…’ या वाक्यांपासून करणे सयुक्तिक वाटते. हे अनुमान भाषेच्या रचनेवरून काढले आहे. त्याची क्षेत्रीय तपासणी हा आपल्याकडील संशोधक विद्यार्थ्यांसाठी उत्तम विषय ठरेल.

दुसरी बाब लिंगाची. मुलाबरोबर बराच वेळ आई, आजी वा शिक्षिका असते. तिच्या तोंडचे “मी येते”, “मी करते” हे मुलगा जसेच्या तसे उचलतो आणि भोवतालचे लोक हसतात. हा मुलाच्या लिंगभावाचा प्रश्न नसून उसन्या वाक्याबरोबर मूळ बोलणाऱ्याचे लिंगही आल्याचा परिणाम आहे. टिंगल केल्यास मूल बोलणेच सोडण्याची भीती असते. त्याऐवजी आईने मुलाच्या वतीने बोलताना ‘मी येतो’ असे मुलाच्या तोंडी शोभणारे रूप वापरले, तर त्याला उचलण्यायोग्य नमुना मिळतो.

तिसरी बाब सर्वांनाच लागू आहे. घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. शब्दार्थाने हे उलटेच आहे. पण ते वाक्य आपण अखंड उचलले असून प्रसंगासह आत्मसात केले आहे. भाषाभ्यासक ॲन पीटर्स यांनी १९७७ व १९८३ मधील लेखनात दाखवल्याप्रमाणे, काही मुले सुटे शब्द जोडत भाषा शिकतात, तर काही आधी अख्खे वाक्यखंड उचलून मग ते सुटे करतात. अखंड वाक्ये वापरणे ही स्वमग्न मुलांची मिरासदारी नाही. फरक आहे तो प्रमाणाचा आणि त्या वाक्यांवरील अवलंबनाचा.

साहाय्याची तत्त्वे

उपरोक्त विवेचनावरून पालक व शिक्षकांसाठी पुढील तत्त्वे मांडता येतात.

प्रथम निरीक्षण. कोणते वाक्य, कोठे, कोणासमोर, कशानंतर उच्चारले गेले आणि त्यानंतर मुलाने काय केले, याची साधी वही पंधरा दिवस ठेवली तरी बऱ्याच वाक्यांमागील हेतू ध्यानात येऊ लागतो. वाक्याचा मूळ स्रोत शोधताना घरच्यांइतका दुसरा जाणकार नसतो. शाळा व घर यांच्यात ही वही फिरती राहिली पाहिजे.

दुसरे, हेतूला प्रतिसाद. ‘असं बोलू नये’ असे म्हणण्याऐवजी अभिप्रेत अर्थ ओळखून त्यास उत्तर द्यावे. वरील उदाहरणातील मुलाला “खूप गर्दी आहे, मला बाहेर जायचं आहे” असे वाक्य शांतपणे ऐकवून बाहेर न्यावे. त्याने लगेच ते म्हणावे असा आग्रह नसावा.

तिसरे, प्रश्नांचा मारा कमी करणे. आपण मुलांशी बहुतांशी प्रश्नार्थक वाक्यांत बोलतो. प्रश्न परत केला तर तो उत्तर ठरत नाही, परंतु विधान परत केले तर ते विधानच राहते. म्हणून जे मूल वाक्ये अखंड उचलते, त्याच्याशी विधानांत बोलणे अधिक लाभदायक ठरते.

चौथे, वाट पाहणे. उजळणीसाठी केलेला पुनरुच्चार हा विचाराचा वेळ असतो. त्या क्षणी प्रश्न नव्या शब्दांत पुन्हा विचारल्यास मुलाला आरंभापासून सुरुवात करावी लागते.

पाचवे, बदलास वाव. ‘चला, बागेत जाऊ या’ हे वाक्य मूल सहज वापरत असेल, तर ‘चला, आजीकडे जाऊ या’, ‘चला, दुकानात जाऊ या’ अशी रूपे खेळातून ऐकवावीत. त्यातून वाक्यातील बदलती जागा लक्षात येण्यास मदत होते.

सहावे, पर्यायी साधने. चित्रे, लिखित शब्द, हातवारे, संवादफलक यांचा वापर केल्यास बोलण्याची गरज संपते, ही समजूत अनाठायी आहे. ताणाच्या वेळी उसने वाक्यही सुचेनासे होते, तेव्हा हेच साधन कामी येते.

पुनरुच्चार अचानक वाढल्यास वेदना, आजार, झोपेचा अभाव, आवाजाचा त्रास किंवा दिनक्रमातील बदल यांचा विचार आधी करावा. श्रवणचाचणी आणि प्रशिक्षित वाचाउपचारतज्ज्ञाचा सल्ला यांना वरील कोणतेही तत्त्व पर्याय नाही. या क्षेत्रातील मनुष्यबळ घडवणाऱ्या मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या संस्था महाराष्ट्रात आहेत.

मतभेद आणि मर्यादा

पुनरुच्चारास अर्थ असतो हे मान्य करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. प्रत्येक पुनरुच्चारात दडलेला संदेश असतोच असे नाही. काही उच्चार निव्वळ आवाजाच्या आनंदासाठी असतात, आणि तोही एक मानवी हक्कच आहे. हेलन टेगर-फ्लसबर्ग व सुझन कॅल्किन्स यांनी १९९० मध्ये स्वमग्न, डाउन सिंड्रोम असलेल्या व सर्वसाधारण मुलांच्या भाषेची तुलना केली. त्यांना अनुकरणातून आलेली वाक्ये मुलांच्या स्वयंस्फूर्त वाक्यांपेक्षा व्याकरणदृष्ट्या पुढची असल्याचे आढळले नाही. पुनरुच्चार संवादाला उपयोगी पडतो म्हणून तो व्याकरणाची शिडी आहेच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

अमेरिकन वाचाउपचारतज्ज्ञ मार्ज ब्लँक यांनी २०१२ मध्ये मांडलेली पद्धती अखंड वाक्यांपासून स्वतःच्या वाक्यरचनेपर्यंत ठरावीक टप्पे मानते आणि प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे उपचार सुचवते. ती पालकांत लोकप्रिय झाली आहे. तथापि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समीक्षणांनी या टप्प्यांना व उपचारांना पुरेसा प्रायोगिक आधार नसल्याचे निदर्शनास आणले. येथे दोन विधाने वेगळी ठेवणे हिताचे आहे. पुनरुच्चार संवादासाठी वापरला जातो, या विधानामागे दशकांचे निरीक्षण आहे. विशिष्ट टप्प्यांची उपचारपद्धती परिणामकारक आहे, हे विधान अद्याप सिद्ध व्हायचे आहे. महागडी प्रशिक्षणे व शिबिरे यांच्याकडे वळणाऱ्या पालकांना हा फरक समजावून सांगणे हे अध्यापक वर्गाचे कर्तव्य होय.

महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात २१ दिव्यांगत्वांचा समावेश असून स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. शासकीय व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद या कायद्यात आहे. ‘संप्रेषण’ या शब्दाची त्यातील व्याख्याही व्यापक आहे. लेखन, चित्र, खुणा, सोपी भाषा, वर्धक व पर्यायी साधने या सर्वांना तीत स्थान आहे. कायद्याने दार उघडले, तरी वर्गातील वागणूक कायदा ठरवू शकत नाही.

प्रौढ स्वमग्न विद्यार्थ्यात पुनरुच्चार सौम्य रूपात टिकून असू शकतो. तोंडी परीक्षेत तो परीक्षकाचा प्रश्न आधी पुन्हा उच्चारतो. ताण आला की ठरलेले वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. चर्चेत पाठ्यपुस्तकातील वाक्ये शब्दशः देतो. परीक्षकास यात उद्धटपणा, वेळकाढूपणा किंवा घोकंपट्टी दिसण्याचा संभव असतो. प्रश्न लेखी स्वरूपात समोर ठेवणे, उत्तरासाठी थांबणे, एका वेळी एकच प्रश्न विचारणे, आणि शब्दशः उत्तरानंतर ‘याचे एक उदाहरण द्या’ असे सांगून आकलन तपासणे या उपायांना खर्च नाही. सहाध्यायांनी नकला करू नयेत यासाठी वर्गात स्पष्ट भूमिका घेणे तितकेच आवश्यक आहे. बी.एड.च्या अभ्यासक्रमातील सर्वसमावेशक शिक्षणाच्या घटकात पुनरुच्चाराच्या निरीक्षणाचे छोटे प्रात्यक्षिक समाविष्ट केल्यास भावी शिक्षकांची दृष्टी घडेल.

समारोप

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले की, स्वमग्न व इतर व्यक्तींमधील गैरसमज हा एकतर्फी नसून दुतर्फी असतो. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही असे म्हणताना, इतरांनाही तिचे मन कळत नाही, हे आपण विसरतो. पुनरुच्चाराचा अभ्यास या प्रतिपादनास पुष्टी देतो.

दुसऱ्याचे शब्द जपून ठेवणारे, योग्य वाटेल त्या प्रसंगी ते काढून देणारे आणि उत्तराची वाट पाहणारे मूल ‘स्वतःतच मग्न’ आहे, असे म्हणणे कठीण आहे. त्याने आपल्याकडूनच घेतलेले शब्द ते आपल्यालाच परत करत असते. ते शब्द कोठून आले व आता कशासाठी आले, एवढा शोध घेण्याची तसदी ऐकणाऱ्याने घेतली, तर संवादाचा निम्मा मार्ग पार होतो. उरलेला निम्मा चालण्याचा प्रयत्न ते मूल आधीपासूनच करत असते.